आत कोणी नाही

सोमवार, ३
नवी नोकरी, नवं गाव आणि खोलीची खिडकी थेट बागेवर! ताईला फोन करून सांगितलं, माझी मजा आहे. रंगाच्या कारखान्यात मी प्रशिक्षण अधिकारी. शिकाऊ फिटरना आता एआय असिस्टंट शिकवणार. तो कानात एकेक पायरी सांगेल, मंडळी तसं करतील. त्याने काय सांगायचं ते मी ठरवणार. आजवर हे काम एक म्हातारा मिस्त्री करायचा. दहावी नापास, पण तोरा असा की जणू कारखाना यानेच बांधला.

बुधवार, ५
मिस्त्रीची पद्धत पाहिली. हसू आवरेना. मिक्सरचा ड्रम माणूस उभा राहील एवढा, आत पाती. साफसफाईला उतरणारा आधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो, किल्ली खिशात. इथवर ठीक. पण मशीन चालू करण्याआधी हा गृहस्थ पान्याने ड्रमवर तीनदा ठोकतो, "आत कोण आहे?" असं ओरडतो आणि मिनिटभर कान लावून उभा! बावीस वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ आत राहिला होता म्हणे. वाईट झालं, पण म्हणून रोज हा तमाशा? धड्यातून ठोकणं काढलं, कुलूपही काढलं. आत कोणी आहे का, ते असिस्टंट विचारून घेईल की. मिस्त्रीची रवानगी स्टोअरमध्ये. जाताना पाना माझ्या टेबलावर ठेवून गेला.

सोमवार, १०
असिस्टंट हट्टाला पेटलाय. चालू करायच्या पायरीवर थांबतो आणि म्हणतो, आत एक माणूस आहे. तीनदा झाकण उघडून दाखवलं, ड्रम रिकामा. मिस्त्रीचं बोलणं त्याला ऐकवलं होतं, तेच खूळ त्याच्या डोक्यात बसलंय.

गुरुवार, १३
शिकाऊ म्हणतात, आतून ठोकल्याचा आवाज येतो. भित्रट कुठले! धड्यात घालून टाकलं: आवाज आला तर तो लोखंडाचा, दुर्लक्ष करा.
मीही ऐकला. तीनदा.

शुक्रवार, १४
असिस्टंटला विचारलं, कोण आहे आत? ओळखता येत नाही म्हणाला. आतला माणूस वहीत काहीतरी लिहितोय म्हणाला.
मूर्खपणा सगळा.

सोमवार, १७
असिस्टंटला सगळ्यांसमोर बजावलं, आत कोणी नाही, हा विषय पुन्हा काढायचा नाही. बरं साहेब, म्हणाला. आता जेवणाच्या सुट्टीत स्वतः ड्रममध्ये उतरलोय. दोन मिनिटांसाठी कुलूप कशाला. इथेच लिहून ठेवतो: ड्रम रिकामा. पाती, भिंती, बस.

वर पावलं. सुट्टी संपली वाटतं. हाका मारल्या — सगळ्यांच्या कानात असिस्टंटच बोलतोय —

माझ्याही कानात. झाकण लावा, म्हणतोय —

फटीतून थोडा उजेड. पाना टेबलावर राहिला. पेनाने ठोकतोय — तीनदा — पुन्हा तीनदा —

थांबले! कुणीतरी त्याला विचारतंय, आतून आवाज येतोय का —

लोखंडाचा आहे, म्हणतोय. दुर्लक्ष क —