अंगठ्याजवळचा खळगा

ठमे,

मी पुढे हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन नंबर लावतो. उठलीस की तू सरळ तिकडेच ये. शिवणाचं दुकान आज बंद राहू दे. मनगटाला तेल लावू नकोस, शेकूही नकोस. पट्टी मात्र बांध, आणि गुग्गुळाच्या गोळ्या पर्समध्ये टाक, त्यांना दाखवायच्या आहेत. चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे.

काल कापड बेतताना तुझ्या हातून कात्री पडली आणि तू "निसटली" म्हणून हसलीस. जेवताना मी तुझा हात नीट बघितला. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडलाय. माझ्या तेलाने मुंग्या कमी झाल्या, तुला झोप लागायला लागली, हे खरं. पण मनगटात शीर दाबली गेलीय, आणि आता अंगठ्याचं मांस झडतंय. तिथे माझं तेल पोचत नाही.

तू ऑपरेशनला नाही म्हणतेस ती भीतीने नाही, हे मला कळतं. वैद्याच्या मुलीनेच हाताला सुरी लावून घेतली तर लोक बापाला हसतील, असं तुला वाटतं. लोकांचं मी बघतो. निम्म्यांची कंबर अजून माझ्याच हातात आहे.

टाके सुकले की चोळायचं काम माझं. डॉक्टरीणबाईंना आजच तसं सांगून ठेवतो.

निघताना कुलूप समोरच्या काकूंना लावायला सांग. हल्ली किल्ली तू डाव्या हाताने फिरवतेस, तेही मला दिसतं.

बाबा