आईच्या कपात मैदा किती?

प्रिय ताईस,

कंबर परवानगी देते तितका वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कसा आहे ते कळव. (वेगवेगळं लिही. मागच्या वेळी नुसतं 'आता बरं आहे' लिहिलंस, ते कोणाचं ते कळेना.) आम्ही मजेत आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं तर तीन दिवस माझा डोळ्याला डोळा नाही.

पुढच्या रविवारी नातीचा पाचवा वाढदिवस. सूनबाई बेकरीत केक सांगायला निघाली, तर मी उचलली जीभ लावली टाळ्याला, "बेकरीतला कशाला? आमच्या आईचा केक मी करीन!" पोरगी शाळेत सगळ्यांना सांगून आली, 'माझा केक आजी करणार.' झालं, माघारीची वाट बंद.

आईची वही माझ्याकडे आहे. तीत लिहिलंय 'तीन कप मैदा'. पण कप कोणता? तो निळ्या काठाचा, कान तुटलेला, जो वाटणीत तू उचललास. (तक्रार नाही, नुसती नोंद.) इथे सात कप, सातही वेगवेगळे. मात्र सूनबाईचा वजनकाटा आहे. म्हटलं, एकतीस वर्षं पोस्टात पार्सलं तोलली, मैद्याची काय कथा! कॉन्व्हेंटात सिस्टरांनी छड्या मारून पाठ करून घेतलंच होतं, लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. आईचा कप पाव लिटरचा, म्हणजे अडीचशे ग्रॅम. तीन कपांचा पाऊण किलो मैदा घातला तोलून.

ओव्हनमधून जे निघालं त्यात सुरी गेली ती बाहेर येईना. सूनबाई हळूच म्हणाली, "आई, मैदा पाण्यापेक्षा हलका ना? कपभर मैदा जेमतेम निम्मा भरतो." "मला नको शिकवूस," असं म्हणाले आणि ती आंघोळीला गेल्यावर इथला एक पाव लिटरचा कप भरून तोलून पाहिला. भरला एकशेपंचवीस. दाबून भरला तर एकशेसाठ, चाळून भरला तर एकशेदहा! तोच कप, तोच मैदा, तोच काटा. एखादं पार्सल असं वागतं तर मी पोलिसांना बोलावलं असतं. दुसरा केक मधोमध खचला. तिसऱ्याचे दोन तुकडे ह्यांनी खाल्ले, आणि दुपारपासून ते आडवे आहेत.

रविवारी विहीणबाई येणार. त्यांचा केक कापसासारखा आणि जीभ कात्रीसारखी. पण त्यांचं सोड. पोरगी रोज विचारते, "आजी, जमला का गं?" मी म्हणते, "जमतोय." तिच्याशी खोटं बोलताना घास उतरत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. आईच्या त्या कपात मैदा भर, वरून सुरी फिरव आणि वजन उलट टपाली कळव. फोन नको, तो सूनबाई उचलते.

आणखी एक ता. क. आई मैदा दाबून भरायची की सैल? आठवून आठवून थकले. तिच्याशेजारी तू उभी असायचीस. मी यायची ती भांडं चाटायला.

शेवटचा ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? वजन राहू दे. शनिवारी सकाळच्या गाडीने कप घेऊन तूच ये. केक तू कर, मी मैदा चाळीन. विहीणबाईंनी विचारलंच तर 'मला यातलं ओ की ठो कळत नाही' एवढंच म्हण. पोरीला खरं काय ते मी सोमवारी सांगेन.