तुमच्या भावाचं शीड आणि आमची जोडून आलेली सुट्टी

ती. वन्संना वाकून नमस्कार (मनातल्या मनात. कंबर सुट्टीतल्या शनिवारपासून वाकत नाही, कारण पुढे येईलच).

तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला बरा असेल, नसला तरी त्यांनी बरा आहे असंच सांगितलं असेल. तुमच्या घराण्यात आलेल्या माणसांनाही शेवटी तीच सवय लागते. आम्ही इकडे सुखरूप आहोत. ‘सुखरूप’मधलं सुख बाजूला ठेवा, रूपाचं तर विचारूच नका. माझ्या नाकाची साल निघते आहे आणि तुमचे बंधुराज कपाळापासून वर गोरे आणि खाली भाजलेल्या वांग्यासारखे दिसतात.

तुम्हाला ठाऊकच आहे की हिवाळ्यात ह्यांचं लिफ्टदुरुस्तीचं काम थांबलं. जन्मभर दुसऱ्यांना वरखाली करणारा माणूस तेव्हापासून एकाच जागी बसून होता. जागा म्हणजे स्वयंपाकघरातली, फ्रिजसमोरची खुर्ची. मी दूध काढायला गेले की खुर्ची मागे सरकायची, दूध ठेवलं की पुढे. एवढाच दिवसभराचा व्यायाम. बोलणं विचाराल तर ‘हं’. पेपर वाचून ‘हं’, भाजी जळाली तरी ‘हं’. घरात मयत झाल्यासारखी शांतता, फक्त भेटायला कोणी येत नव्हतं.

अशात आमच्या इमारतीखालचे चष्मेवाले अवतरले. ह्या गृहस्थांकडे एक शिडाची होडी आहे (आपल्या जुन्या पलंगाएवढी. पलंग जास्त मजबूत होता). राष्ट्रीय सुट्टी शुक्रवारी आल्यामुळे तीन दिवस जोडून मिळत होते. चष्मेवाले म्हणाले, समोरच्या बेटावर जाऊ, तिथल्या लॉजमध्ये राहू, आरामात परत येऊ. मला वाटलं, ‘हं’ येणार. हे म्हणाले, “किती वाजता निघायचं?” वन्सं, मी हातातला चमचा खाली ठेवला. मग मीही येणार म्हणून हटून बसले. बुडालात तर घरी कळवायला कोणीतरी हवं, असं कारण दिलं. तिघं एकाच होडीत असलो तर कळवणार कोण, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

उत्सव तिन्ही दिवसांचा, त्यामुळे शनिवारी सकाळीही धक्क्यावर अख्खं गाव लोटलं होतं. होड्यांना झेंडे, पोरांच्या हातात झेंडे, आणि उन्हाळा असा की झेंडेसुद्धा मान टाकून बसलेले. चष्मेवाल्यांनी टोपी चढवली आणि त्यांचा आवाजच बदलला. दुकानात “ताई, हे अक्षर दिसतंय का?” असं लोण्यासारखं विचारणारा माणूस “दोर सोडा! दोर धरा! तो नव्हे, दुसरा!” असा आमच्यावर ओरडायला लागला. शिडाच्या खाली एक आडवी काठी असते. वारा फिरला की तीही फिरते, आणि फिरण्याआधी कोणाची परवानगी घेत नाही. चष्मेवाले आम्हाला हेच समजावून सांगत असताना ती फिरली. ते वाचले, त्यांचा चष्मा पाण्यात गेला. दुसरा चष्मा? आणला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या क्षणापासून आमच्या कप्तानाला बेट आणि ढग यांतला फरक कळेना.

परत फिरू, मी म्हटलं. पण परत फिरायला वारा लागतो, आणि तो तेवढ्यात पडला. वारा पडणं म्हणजे काय हे जमिनीवर राहणाऱ्याला कळायचं नाही. पंखा बंद पडला तर माणूस खिडकी उघडतो. इथे खिडकीच खिडकी, आणि हवा नाही. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लटकलेलं. वल्हं एकच होतं (दुसरं दुकानाच्या छपराला टेकू म्हणून लावलंय). एका वल्ह्याने होडी स्वतःभोवती फिरते, एवढं ज्ञान आम्ही मिळवलं. शेजारून मोटारबोटी जात होत्या. एका बोटीतल्या बाईंनी आवाज दिला, “ओढून नेऊ का?” मी हो म्हणायला तोंड उघडलं, तर चष्मेवाले भलत्याच दिशेला तोंड करून म्हणाले, “आभारी आहे, वारा येतोच आहे!” बाई गेल्या. वारा आला नाही. चष्मेवाल्यांना मात्र त्या स्तब्ध पाण्यावर उलटी झाली, आणि ते तोंडावर ओला टॉवेल घेऊन तळाशी आडवे झाले. उकडलेली अंडी आणि पाव होता, पण त्यांच्याकडे बघून कोणाच्या घशाखाली उतरेना.

मग नुसतं बसणं उरलं. घरात फ्रिजचा तरी आवाज असतो. बऱ्याच वेळाने हे बोलले. माझ्याकडे न बघता, पाण्याला सांगितल्यासारखं.

“मला वयामुळे थांबवलं असं सांगितलं ना मी सगळ्यांना? तसं नाहीये. मीच सोडलं.”

हे सांगत गेले. एका उंच इमारतीत लिफ्ट बंद पडली होती. दोष सापडला, दुरुस्त झाला, शेवटचा एक स्क्रू लावायचा राहिला. तो खाचेत बसेना. हात थरथरायचा, स्क्रू निसटायचा, पुन्हा उचलायचा. बाहेर माणसं खोळंबलेली. एक म्हातारी बाई भाजीची पिशवी घेऊन वाट बघून बघून शेवटी जिना चढायला लागली, दर वळणावर थांबत. “तिची पावलं मला वरपर्यंत ऐकू आली,” हे म्हणाले. “मग मी स्क्रू खिशात घातला, कचेरीत जाऊन सांगितलं दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, आणि घरी आलो.”

“हात थरथरतो ते ठाऊक आहे मला,” मी म्हटलं. “कपबशी वाजते तुमची. बहिरी नाही मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.”

“मीही त्यासाठीच थांबलो होतो.”

म्हणजे बघा, दोघंही लिफ्टसमोर उभे, आणि बटण दुसऱ्याने दाबलंय अशी दोघांची खात्री. हसावं की रडावं कळेना. टॉवेलाखालून चष्मेवाले म्हणाले, “मी झोपलोय हं.”

आणि वन्सं, तुम्ही मागच्या पत्रात रागावला होतात की भाऊ फोन उचलत नाही. तो रागाने नव्हे. फोन कानावर आपटत राहतो, आणि हल्ली आवाजही जरा कापतो. मोठ्या बहिणीला तो ऐकू जाईल म्हणून हे फोन वाजताना न्हाणीघरात जाऊन बसतात.

तर पुढचं. उन्हं कलती झाली आणि वारा आला. येतो म्हणजे किती यावं! होडी एका अंगावर झाली, अंडी पाण्यात गेली. चष्मेवाले उठून बसले आणि “मला काही दिसत नाही!” हे एकच खरं वाक्य त्या दिवसात बोलले. ह्यांनी एका हातात सुकाणू घेतलं, दुसऱ्या हाताला शिडाचा दोर गुंडाळला, आणि आम्हाला ओरडून सांगितलं, “दोघं उंच बाजूला बसा! मागे झुका, मागे!” मी आणि चष्मेवाले काठावर पाठी टाकून लटकलो (कंबर तिथे गेली). भीतीने माझ्या तोंडून सगळ्या देवांची नावं निघाली, काही दोनदा. आणि मग मला ह्यांचा हात दिसला. दोर ताणलेला होता, शिडात सगळा वारा भरला होता, आणि हात स्थिर होता. दगडासारखा. मी बघतच राहिले. ह्यांनीही बघितलं. मग दोघांनीही नजर दुसरीकडे वळवली, दृष्ट लागेल म्हणून.

बेट मागे राहिलं आणि आम्ही वाऱ्याच्या मर्जीने परत गावाकडेच आलो. धक्का चुकला. शेजारच्या चौपाटीवर समारंभ चालू होता, बँड वाजत होता, कोणी मोठे साहेब भाषणाला उभे होते, आणि किनाऱ्यापासून पाण्यातल्या खांबापर्यंत पताकांची माळ बांधलेली होती. आमच्या डोलकाठीने ती माळ गळ्यात घालून घेतली, खांबासकट ओढली, आणि आम्ही वाळूत रुतलो ते थेट साहेबांच्या समोर. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. अशा टाळ्या पडल्या, वन्सं! चष्मेवाल्यांनी टोपी काढून अभिवादन केलं, एका कचऱ्याच्या डब्याला. मग पोलीस आले आणि टाळ्या थांबल्या.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. कपबशी पुन्हा वाजायला लागली, पूर्वीपेक्षा थोडी जास्तच. मी काही एवढी भोळी नाही. ताणलेल्या दोराने आजार बरा होत नाही, आणि माणूस दिवसभर दोर धरून बसू शकत नाही. डॉक्टरांकडे आम्ही आता दोघं मिळून जातो. ते भले आहेत. बरं होईल असं एकदाही म्हणत नाहीत.

तेव्हा तुम्ही थोरल्या आहात, तुमचं ते ऐकतात. एक खरमरीत पत्र लिहून त्यांना बजावा, की ह्या वयात होडीचा नाद सोडा. मी तर बाई पुन्हा त्या फळकुटात पाय ठेवणार नाही.

भावोजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमची वहिनी

ता. क. – खरमरीत पत्र लिहू नका. लिहिलं असेल तर टाकू नका.

ता. क. २ – चष्मेवाल्यांनी होडी आमच्या स्वाधीन करून जमिनीवरच राहण्याची शपथ घेतली आहे. त्यामुळे उंच बाजूला माणूस कमी पडतो. मी एकटी पुरत नाही, मी पहिल्यापासून काटकुळी. राग मानू नका, पण अशा वेळी मला सारखी तुमचीच आठवण येते. पुढच्या शनिवारी या. रबरी तळव्याच्या चपला आणा आणि जेवण चुकवू नका.

ता. क. ३ – मी बोलावलं हे ह्यांना सांगू नका. तुम्हाला बोलवायची कल्पना आपलीच आहे असं त्यांना वाटतं, आणि मला विचारायचा धीर गोळा करत ते परवापासून घरभर फिरताहेत. खुर्ची रिकामी आहे. डॉक्टर म्हणाले, ह्या उन्हाळ्यात दोर धरायला हरकत नाही. पुढच्या उन्हाळ्याचं मी विचारलं, तर ते पेनाचं टोपण लावत बसले. म्हणून म्हणते, गुडघा बरा व्हायची वाट बघू नका.