बारवेतलं शेवाळ

परभणी, भाद्रपद १९५७

वालूरहून परतलो, पण जीव तिथल्या बारवेतच अडकलाय. भिंतीच्या सांध्यात शेवाळाची एक जात दिसली, जी मी फक्त सह्याद्रीत पाहिली होती. या कोरड्या मुलखात ती कशी आली? तीच, की वेगळी? शेवाळाच्या देठांवरची बारीक बोंडं, बीजाणूंच्या कुप्या, पिकल्याशिवाय सांगता येत नाही, आणि बोंडं अजून हिरवी आहेत.

गावकरी आज सगळी बारव खरवडणार होते. गावातल्या गयाबाई पाणी भरताना पायरीवरून घसरल्या, मनगट मोडलं, म्हणून. मी आधी त्यांच्याच दारी गेलो. म्हटलं, "पायरीवरचं बुळबुळीत शेवाळ वेगळं, त्याला पानं नसतात. भिंतीवरच्याला आहेत, आणि ते पायाखाली येत नाही. तेवढं राहू द्या."

हात गळ्यात बांधलेल्या गयाबाई म्हणाल्या, "मला दोनी हिरवंच दिसायलंय, मास्तर. निवडायचं तर तुमीच पायऱ्या घासा."

दुपारभर घासल्या. तळहात सोलले. भिंत राहिली, पण किती दिवस? बोंडं पिकायच्या आत कडक ऊन पडलं तर?

निघताना गयाबाई पाण्याला आलेल्या बायांना भिंत दाखवत होत्या. "ह्याला पानं हायेत. हात लावायचा न्हाई."

एकीनं त्या शेवाळाचं नाव विचारलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला सांगता आलं नाही.