तोंडात कापूस असलेली खार

माय, आज दुपारी तुझी गुलेल खुंटीवरून काढली. तीच, पेरूच्या दुबेळक्याची, मुठीपाशी तुझ्या हातानं गुळगुळीत झालेली. सायकलच्या ट्यूबचं जुनं रबर कधीच वितळून चिकट झालं होतं, ते मागच्या आठवड्यात मी नवीन लावलं. कशासाठी लावलं ते सांगायला जीभ रेटली नसती, म्हणून कागद घेतला. तू गेलीस तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, आता तेवीसचा आहे. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढं काळीज माझ्यात नाही. कॉलेजात दोन वर्षं घालवून एवढंच कळलं की जे तोंडानं बोलता येत नाही ते मला लिहिता येतं. बाकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं, ते पुढे येईलच.

आत्ता बाहेर तेच दिवस आहेत. दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेत, कापसाची पहिली वेचणी उरकली, तुरी फुलावर आहेत, सकाळी गवतावर दव असतं. या दिवसांत तुझे धनी, माझे दादा, मेंढ्या घेऊन पैनगंगेच्या अंगाला निघून जायचे, ते होळीच्या आसपास परत. घरी राहायचो तू, मी, चार शेळ्या आणि बियाण्याच्या भुईमुगाची कणगी. तुराट्यांची विणलेली, शेणानं सारवलेली ती कणगी तुझा जीव होती. घरात दुसरं काही संपलं तर चालेल, बियाणं संपता कामा नये. आणि मागच्या लिंबावरच्या खारींना त्या कणगीचा पत्ता बरोबर ठाऊक. छपरातून उतरायच्या, तळाशी भोक पाडायच्या, आणि बघता बघता ओंजळभर शेंगा गायब. म्हणून तू गुलेल धरायचीस. लहानपणी ज्वारीच्या माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकललेला तुझा हात. गुलेल तुला खेळणंच वाटायची.

शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून तुझ्यावर डोळा ठेवून असायची. ‘‘अगं बाई, रामाची बोटं हायेत तिच्या पाठीवर. पाप लागंल.’’ तू नेम न हलवता म्हणायचीस, ‘‘रामानं तिच्या पाठीवर हात फिरवला, आत्याबाई. माझ्या कणगीत शेंगा त्यानं न्हाई टाकल्या.’’ म्हातारी म्हणायची, ‘‘बाईमाणसानं गुलेल धरावी का पण?’’ ‘‘मंग तुमच्या पोराला धाडा की. मागल्या साली आला होता. माझा माठ फोडून गेला.’’ यावर म्हातारी स्वतःच हसायची, आणि दुपारी खारीचा रस्सा कसा झालाय हे बघायला वाटी घेऊन यायची. पाप वाटीपर्यंत पोचत नसावं.

तुझी रीत मी कुणातच पुन्हा पाहिली नाही. खार माणूस दिसल्यावर पळत नाही, झाडाच्या पलीकडच्या अंगाला सरकते. आपण तिकडे गेलो की ती इकडे. गावातली पोरं झाडाभोवती गरगर फिरायची, दगड भिरकवायची, आणि खार शेंड्यावर बसून चिक्‌चिक्‌ करत त्यांची मजा बघायची. तू लिंबापासून दहा-बारा पावलांवर उभी राहतेस. पदर कमरेला खोचलेला, डाव्या मुठीत गुलेल, चामड्यात गोळी. गोळ्या तू कयाधूच्या काठच्या चिकणमातीच्या वळायचीस आणि चुलीच्या राखेत भाजायचीस. दगड वाकडा जातो म्हणायचीस. मला सांगतेस, ‘‘तू फिर. पाय वाजव.’’ मी पलीकडून पाचोळा तुडवत फिरतो, आणि खार मला चुकवत चुकवत, गुपचूप, तुझ्यासमोर येते. तिला वाटतं तू खांब आहेस. मलाही कधी कधी वाटायचं.

‘‘माय, हात दुखत न्हाई का?’’

‘‘दुखतो की.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? दुखू दे.’’

एका सकाळी तीनच गोळ्या घ्यायचीस, चौथी कधी नाही. बहुतेक वेळा दोन परत आणायचीस.

तुझे नियम दोन होते. पहिला, अंगात राग असला तर गुलेलीला हात लावायचा नाही. राग आहे की नाही हे तू विचारायची नाहीस, मी खोटं बोलेन हे तुला माहीत होतं. तू आपल्या हाताची पालथी बाजू माझ्या कानाला लावायचीस. ‘‘कान गरम हायेत. आज न्हाई.’’ संपलं. मी पाय आपटायचो, रडायचो, भाकरी पालथी घालायचो. त्यानं कान आणखीच गरम व्हायचे. दुसरा नियम, जिच्या तोंडात कापूस तिला मारायचं नाही. वेचणीच्या दिवसांत खारी बोंडांतला कापूस ओढून नेतात, घरट्याला. तोंडात एवढा पुंजका असतो की पांढऱ्या मिशा फुटल्यासारख्या दिसतात. ती खार कणगीवरून उतरताना दिसली तरी तू गुलेल खाली घ्यायचीस. ‘‘घर बांधून राहिली ती. तिचं झाल्यावर बघू.’’ तुझ्या माहेरी असंच होतं म्हणायचीस. मला ते पटत नव्हतं. चोर तो चोर, कापूस असो की नसो.

मी बारा वर्षांचा होतो त्या वर्षीचं सांगतो. शाळेतून येताना एक पोरगा नाक धरून म्हणाला, ‘‘सरका रे, मेंढरू आलं.’’ मी त्याला चिखलात लोळवला, त्यानं माझा सदरा फाडला. घरी आलो. तू सदरा पाहिलास, कानाला हात लावलास, म्हणालीस, ‘‘आज न्हाई,’’ आणि धुणं घेऊन नदीवर गेलीस. तुझी पाठ वळताच मी गुलेल काढली. लिंबाच्या खालच्या फांदीवरून एक खार चढत होती. मी तुझ्यासारखा उभा राहिलो, तिला माझ्याच बाजूला येऊ दिलं, रबर कानापर्यंत ओढलं, सोडलं. एका गोळीत पडली. ती माझी पहिली खार.

तू आलीस. ओलं धुणं खांद्यावर तसंच. खाली बसून त्या मूठभर जिवाचं तोंड अंगठ्यानं उघडलंस. दातांत कापूस अडकला होता, ओला, लालसर झालेला.

‘‘कापूस दिसला न्हाई का तुला?’’

‘‘न्हाई, माय.’’

‘‘खरं सांग.’’

‘‘शपथ.’’

‘‘कोणाची?’’

‘‘तुझी.’’

मारशील म्हणून मी डोळे मिटले. मग तू एवढंच म्हणालीस, ‘‘नेम तर बराबर हाय तुझा,’’ आणि उठलीस. ‘‘चढ वर. घरटं बघ.’’ लिंबाच्या ढोलीत कापसाचा, सुतळीचा, माझ्याच फाटक्या चड्डीच्या धाग्यांचा गोळा होता आणि त्यात दोन पिल्लं, बोटाएवढी, डोळे न उघडलेली. तू ती पदरात घेतलीस. कापसाची वात वळून शेळीच्या दुधात बुडवायचीस आणि त्यांच्या तोंडाला लावायचीस. वेचणीला जाताना पोटाशी बांधून न्यायचीस. बाया हसायच्या, ‘‘पुन्हा बाळंत झाली का गं?’’ तू म्हणायचीस, ‘‘व्हय, जुळे हायेत.’’ एक चौथ्या दिवशी गेलं. दुसरं जगलं, तुझ्या खांद्यावर चढायला लागलं, संक्रांतीनंतर लिंबावर निघून गेलं. मी विचारलं, ‘‘माय, मोठी झाल्यावर हिनं शेंगा खाल्ल्या तर हिलाबी मारशील?’’ तू जराही न थांबता म्हणालीस, ‘‘मारीन की. कापूस नसंल तोंडात तर.’’

तू अशी होतीस. तुझ्यात लाड नव्हते आणि दुष्टावाही नव्हता. ‘नेम बराबर हाय’ हे मी कितीतरी दिवस कौतुक म्हणून मिरवलं. पोरांना सांगायचो, माझी माय म्हणते माझा नेम बराबर हाय.

दोन वर्षांनी भादव्यात तीन दिवसांच्या तापात तू गेलीस. डॉक्टर म्हणाले ताप डोक्यात गेला. दादांनी मान हलवली. मी हलवली नाही.

त्यानंतर माझ्या कानाला कुणी हात लावला नाही, हे खरं. दादांना मेंढ्यांचे कान कळतात, माझे नाही. हिंगोलीला कॉलेजात गेलो तेव्हा वर्गात एक मुलगी होती, बाळापूरची. तिचे वडील तिथल्या देवळात पूजेला. शुद्ध बोलायची, माझं ‘व्हय’ ऐकून हसायची, आणि ते हसणं मला मेंढराच्या वासावरचं हसणं वाटायचं नाही. वर्षभर आम्ही एका बाकावर वह्या ठेवल्या, यापेक्षा जास्त काही नाही; माझ्या मनात मात्र लग्न होऊन दोन लेकरं झाली होती. एक दिवस कँटीनमध्ये एका पोरानं तिच्या चालण्यावर काहीतरी टाकलं. मी त्याच्या कपाळात स्टीलचा ग्लास घातला. प्राचार्य साहेबांनी बोलावून सांगितलं, माफी माग, विषय मिटव. मी ओळखपत्र फाडून टेबलावर ठेवलं आणि गावाकडे, डोंगरकड्याच्या गाडीत बसलो. वाटलं, ती धावत येईल. ती आली, स्टँडवर, चालत. म्हणाली, ‘‘तू माझ्यासाठी नाही मारलंस त्याला. तुला मारायचंच होतं. मी नुसती कारण झाले.’’ गाडी सुटली. त्याला आता वर्ष होईल.

मागच्या आठवड्यात कळलं, तिचं जमलं. दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता, सासरची माणसं साड्या घेऊन जीपनं आली होती. मी गुलेलीला नवीन रबर लावलं, तीन गोळ्या भाजल्या आणि बाळापूर गाठलं. काय करणार होतो? जीपची समोरची काच फोडणार होतो. त्यानं काय होणार होतं हे मला विचारू नकोस. तिच्या घरासमोर एक मोठी चिंच आहे. मी तिच्यामागे उभा राहिलो. रस्त्यानं कुणी आलं की मी पलीकडच्या अंगाला सरकायचो, तिकडून कुणी आलं की इकडे. पाराशेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं शेवटी हाक मारली, ‘‘काहून रे, काही हरपलं का?’’

‘‘न्हाई, बाबा.’’

‘‘मंग चिंचेला काहून फेरे घालून राहिला? फेरे वडाला घालतेत. आन् ते बायका घालतेत.’’

माय, तेव्हा मला कळलं की त्या झाडावरची खार मीच आहे, आणि तू कुठंतरी दहा पावलांवर उभी आहेस.

तरी मी गोळी चढवली. कानाला हात लावून पाहिला. आपलाच हात आपल्या कानाला लावून काही कळत नाही, हातही तेवढाच तापलेला असतो. रबर ओढलं. तेवढ्यात ती ओट्यावर आली, जीपच्या अगदी पलीकडे बसली, ताट पुढ्यात घेतलं आणि वाती वळायला लागली. मांडीवर कापूस, बोटांत कापूस, गालाला एक धागा चिकटलेला. मी धरून चाललो होतो की ती रडत असेल, तिला जबरदस्तीनं उजवत असतील. ती गुणगुणत होती. आतून कुणीतरी काही बोललं, ती मोठ्यानं हसली, तेच हसणं. घर बांधून राहिली होती ती. माझा हात खाली आला. गोळी पायाशी पडली, चिंचेच्या पाचोळ्यात. म्हाताऱ्यानं पाहिलं असेल.

मी तिला विसरलो असं लिहिणार नाही. तू लगेच कानाला हात लावशील. जळतं अजून. पण मी वेळेवर थांबलो, आणि थांबायचं मला तू शिकवलंस, एवढं तुला कळावं असं वाटलं. आज लिंबाखाली उभा राहिलो, दहा-बारा पावलांवर. पलीकडून पाय वाजवायला कुणी नव्हतं. खार आली नाही. कणगीला तळाशी भोक पडलंय, ते शेणानं बुजवलं.

हे कागद मी छपराच्या वाशात खोचून ठेवणार आहे. खारी नेतील घरट्याला, तर नेऊ देत. पण एक राहिलंय. शाळेत कुणी शपथ घेतली की आम्ही त्याच्या मागे लागायचो, ‘सुटली म्हण, सुटली म्हण.’ ज्याच्या नावानं घेतली त्यानं ‘सुटली’ म्हटलं की शपथ उतरते, मग खोटी असली तरी त्याच्या जिवाला काही होत नाही. त्या दिवशी लिंबाखाली मी तुला म्हणायला लावलं नाही. तुझ्या तापाच्या तीन दिवसांत रोज उशाशी बसलो, रोज ओठांवर आलं, आणि तरी लावलं नाही. कारण मग का, ते सांगावं लागलं असतं.

मला कापूस दिसला होता, माय. चांगला पांढरा, मिशांसारखा.

सुटली म्हण.