लोणच्यामागची बाटली

रजनीताई,

नमस्कार लिहिलेला नाही, शोधू नकोस.

काल तुझ्याकडे सत्यनारायणाला आले, पंचामृताचं दही काढायला फ्रिज उघडला, तर लोणच्याच्या बरणीमागे इन्सुलिनची बाटली. माझ्या सुचेताची असते तशीच. तुझ्या अच्युतला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, "मावशी, माझीच. अकरा वर्षं झाली. आईनं शपथ घातली होती."

चार वर्षांपूर्वी सुचेताचं निदान झालं, तेव्हा कारखान्याच्या क्वार्टरमधून मी रडत आनंद नगरला तुझ्याकडेच आले होते ना? तू म्हणालीस, "आपल्या घराण्यात हे कुणालाच नाही गं. कुठे बोलू नकोस, पोरीची जात आहे." सिरिंज उकळायची कशी, टोचायची कुठे, सगळं तुला येत होतं. मी बटाट्यावर शिकले. एकदा शाळेतून आल्यावर पोरीला दरदरून घाम फुटला, ती बरळायला लागली. साखरेचा आजार म्हणून मी साखरेचा डबाच माळ्यावर टाकला होता. नुसती वारा घालत बसले. शेजारच्या नर्सबाईंनी इन्सुलिननं साखर फार उतरल्याचं ओळखून साखरपाणी पाजलं म्हणून ती वाचली.

काल तुझ्या नव्या सुनेनं, कमलिनीनं, माझ्या हातात ती बाटली पाहिली. "मावशी, हे कशाचं औषध?"

आणि मी, तुझीच बहीण, म्हटलं, "डोळ्यांचं."

उद्या अच्युतला घाम फुटेल, आणि तीही वाराच घालत बसेल. म्हणून हे पत्र तुला पाठवत नाही. तिच्याच हातात देणार आहे.

तुझ्याच घराण्यातली,
लीलावती