पायाला पाळ

देवपूर, धुळे
ता. ११ डिसेंबर १९६८

प्रिय जीवराम,

सकाळपासून कानात एकच आवाज आहे. आपला चौथीचा वर्ग कविता म्हणतोय, मास्तरांची छडी टेबलावर ताल धरतेय, आणि चाळीस पोरांच्या 'दया'वर तुझा एकट्याचा खणखणीत 'दळा'! आपल्या घरांत सगळे केळीला 'केयी' म्हणायचे. त्या 'केयी'पायी मास्तरांनी तुला इतकं बदडलं, की पुढे धास्तीनं तू 'य' दिसला की 'ळ' म्हणू लागलास. गायीची गाळ, मायेची माळा. लिहितानाही तसंच. पोरांची एक वेलांटी चुकली तरी माझी लाल पेन्सिल चालायची. तुझ्या पत्रांवर मात्र ती कधी चालली नाही.

इकडे मी बरा आहे. पांझरेकाठी सकाळी फिरतो, जुन्या कविता पाठ येतात का बघतो. तू पाठवलेला केळीचा घड पोचला. केळी पिकून काळी पडायला आली, पण मला एकही खाववलं नाही.

महिना झाला. आमचे शेजारी अभिमनभाऊ निळं अंतर्देशीय पत्र घेऊन आले. त्यांच्या मुलाची सुपारी तुमच्या सावद्याच्या धनसिंगच्या मुलीशी, यशोदेशी फुटली होती, तुला माहीतच आहे. पत्राखाली नाव नव्हतं; अक्षर कोणाचं ते मी ओळखावं म्हणून ते आले होते.

"गुरुजी, तुम्ही बठ्ठ्या गावनं अक्षर वयखतस. हाई कोनं शे?"

अक्षर डाव्या हातानं काढल्यासारखं, वाकडंतिकडं. मी चष्मा पुसून वाचलं. 'मुलीच्या पाळावर कोड आहे. तुमच्या मुलाचा जन्म वाळा जाईल.'

पाळावर.

जीवराम, मी खाटेवर बसलो तो उठेचना. अभिमनभाऊंना वाटलं, कोडाचं वाचून मला धक्का बसला. त्यांनी पाणी आणलं. खानदेशात केळीला केयी म्हणणारे गावोगाव आहेत, पण पायाला पाळ लिहिणारा मी जन्मात एकच पाहिला.

तू गेल्या वर्षी धाकट्या मुलासाठी यशोदेला मागणी घातलीस, धनसिंगनं नाही म्हटलं, हे तूच मला लिहिलं होतंस. आणि तिच्या पायावरचा डाग लहानपणी उकळता गुळाचा पाक सांडल्याचा, हेही तूच एकदा सांगितलं होतंस.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. मी अभिमनभाऊंना म्हणालो, "नाही बुवा, ओळखीचं दिसत नाही."

एवढं एक वाक्य. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि ते वाक्य बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. मला विषमज्वर झाला तेव्हा तू एकवीस दिवस उशाशी बसून पेज भरवलीस. त्या क्षणी डोळ्यांपुढे ती वाटी होती, यशोदा नव्हती.

मला वाटलं, सोयरीक मोडली, दुसरी जुळेल. पण अभिमनभाऊंनी नकार कळवताना ते पत्रच धनसिंगला पाठवलं. त्यावर सावद्याचा शिक्का. धनसिंगचा संशय गेला सख्ख्या भावावर, सुपडूवर; बांधावरून दोघांचं भांडण होतंच. सुपडूनं पंचांसमोर स्वतःच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तरी कोणी मानलं नाही. त्याच्याकडे कोणी पाणी पीत नाही, त्याला कोणी पंगतीला बोलावत नाही. अभिमनभाऊ हे सांगत होते, आणि मी मान हलवत चहा पीत होतो.

तू त्या पंचांत होतास म्हणे. तिथे बसलास कसा रे? त्या पोरीच्या डोक्यावरचा तो हात तू पाहिलास ना?

तू स्वतः जाऊन सांग. आठ दिवस वाट बघतो, नाहीतर मी सांगेन. हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. आता चौथ्यांदा

थांब. दार वाजतंय.

जीवराम, दारात ताईवहिनी उभ्या आहेत. तुझी बायको. एकटी, हातात पिशवी, सकाळच्या एस.टी.नं आल्यात. तुझ्याशिवाय या बाईनं कधी गावाची वेस ओलांडली नव्हती. "बसा" म्हटलं तरी बसेनात.

"भाऊ, ते निळं पत्र मीच टपालपेटीत टाकलं. यांनी सांगितलं, लग्नाचं काम आहे, जपून टाक. माले कुठं वाचता येतं? काल धनसिंगनं ते चावडीत सगळ्यांना दाखवलं. त्याच्यावर माझ्या हळदीचं बोट होतं."

ते पिवळं बोट मीही पाहिलं होतं. शुभकार्य म्हणून कोणी लावलं असेल असं वाटलं होतं.

"जीवरामला ठाऊक आहे, तुम्ही इकडे आलात ते?" मी विचारलं.

"नाही. धनसिंगच्या घरी चला माझ्यासंगं. एकटीच्यानं बोलवणार नाही. तुम्ही नुसतं बाजूला उभे राहा."

मी म्हणालो, "वहिनी, नुसता उभा नाही राहणार. मलाही सांगायचं आहे."

मग त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या.

हे पत्र टपालात टाकत नाही. दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं निघतोय. आधी धनसिंगच्या दारी जाऊ, मग सुपडूच्या, आणि मग तुझ्या. तू दार उघडलंस तर पत्र हातात देईन. नाही उघडलंस तर उंबऱ्यावर ठेवीन.

काही झालं तरी तुझाच,
झुलाल